शास्त्र, कायदा आणि लोकाचार

धर्म, कायदा आणि समाज या तिहींचा परस्परसंबंध काय असावा, या प्रश्नावर आपल्याकडे बोलणें पुष्कळ होतें. पण बोलणारा बहुधा अगोदरच एका पक्षाचा वकील असतो. एक पक्ष म्हणतो, धर्म सनातन आहे, कायद्यानें त्यांत हात घालूं नये. दुसरा म्हणतो, कायदा करा, समाज मागाहून येईलच. या दोन्ही पक्षांचें एका गोष्टीविषयीं मात्र एकमत असतें: धर्म म्हणून ज्याला म्हणावयाचें तें काय आहे, हें कोठें तरी पक्कें लिहून ठेविलेलें आहे, असें दोघेही गृहीत धरतात. प्रस्तुत लेखांत हें गृहीतच तपासून पाहण्याचा विचार आहे.

त्यासाठीं तीन निरनिराळ्या जातींचें लिखाण समोर ठेविलें आहे. पहिलें, आर्थर स्टील या इंग्रजानें दक्षिणेंतील हिंदु जातींच्या कायद्याचा व चालीरीतींचा केलेला संग्रह. तो १८२७ मध्यें छापला गेला व १८६८ मध्यें पुन्हां निघाला. दुसरें, करवीरच्या शाहू छत्रपतींनीं १९१७ ते १९२० या चार वर्षांत केलेले सामाजिक कायदे. तिसरें, महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा पांच खंडांचा इंग्रजी ग्रंथ. त्याचा आरंभ १९३० मध्यें झाला आणि समाप्ति १९६२ मध्यें. पहिल्यांत लोकाचाराची नोंद आहे, दुसऱ्यांत राजाची आज्ञा आहे, तिसऱ्यांत शास्त्राचा इतिहास आहे. हीं तिन्ही कोणी एकत्र वाचीत नाहीं. स्टील वकिलांच्या कपाटांत राहिला, शाहूंचे कायदे जयंतीच्या भाषणांत राहिले, आणि काणे ग्रंथालयांत राहिले.

हीं तिन्ही एकत्र वाचावींशीं वाटण्याचें माझें कारण घरगुती आहे. माझ्या आजीची थोरली बहीण लाल आलवण नेसत असे. बाराव्या वर्षीं तिला वैधव्य आलें आणि त्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळ तिनें डोक्यावरचा पदर ढळूं दिला नाहीं. मीं तिला पाहिलें तें माझ्या लहानपणीं, तिच्या अखेरच्या वर्षांत. ती विधवा झाली त्या वेळीं विधवाविवाहाचा १८५६ चा कायदा होऊन साठाच्या घरांत वर्षें लोटलीं होतीं. कायदा तिच्या बाजूचा होता, पण तो आमच्या घराचा उंबरठा ओलांडून आंत आला नाहीं. आणि ज्या शास्त्राच्या नांवानें तिचें केशवपन झालें तें शास्त्र खरोखर काय म्हणतें, हेंही आमच्या घरांत कोणीं उघडून पाहिलें नाहीं. तेव्हां तिच्यावर सत्ता चालली ती कोणाची? या प्रश्नाचें उत्तर या तीन ग्रंथांत शोधावयाचें आहे.

प्रथम स्टीलचें पाहूं. त्याच्या कामाचें मोल कळण्यास बंगाल्यांत अगोदर काय घडलें तें ध्यानांत आणिलें पाहिजे. वॉरन हेस्टिंग्जनें १७७२ मध्यें असें ठरविलें कीं, विवाह, वारसा, जात अशा बाबतींत हिंदूंस शास्त्राचा व मुसलमानांस कुराणाचा कायदा लावावा. हेतु चांगला होता. पण त्यांतून हॅलेडचा १७७६ चा संग्रह व सर विल्यम जोन्सचें १७९४ चें मनुस्मृतीचें भाषांतर निघालें, आणि जो ग्रंथ शतकानुशतकें टीकाकारांच्या चर्चेंतून वाचला जात होता तो न्यायाधीशाच्या टेबलावर दंडविधानासारखा येऊन बसला. वास्तविक आपलें धर्मशास्त्र अशा तऱ्हेनें कधींच एकमुखी नव्हतें. पैठणहून काशीस गेलेल्या एकाच भट्ट घराण्याचें उदाहरण घ्यावें. १६१२ मध्यें ‘निर्णयसिंधु’ पुरा करणारे कमलाकरभट्ट त्या घराण्यांतले, ‘व्यवहारमयूख’कार नीलकंठभट्ट त्यांचे चुलतबंधु, आणि १६७४ मध्यें रायगडावर शिवाजी महाराजांना क्षत्रिय म्हणून राज्याभिषेक करणारे गागाभट्ट कमलाकरभट्टांचे पुतणे. कलियुगांत क्षत्रिय उरलेच नाहींत, असें मत ज्या पंडितवर्गांत प्रचलित होतें, त्याच वर्गांतील अग्रणीनें छत्रपतींच्या मस्तकावर अभिषेकाचें जल घातलें. शास्त्र म्हणजे असा चालता वाद होता. इंग्रजी छापखान्यानें त्या वादाचा निकाल लावून टाकिला.

मुंबई इलाख्यांत एल्फिन्स्टननें निराळी वाट धरिली. पोथी काय सांगते एवढेंच न विचारतां लोक काय करतात हेंही विचारावें, असें त्यानें ठरविलें आणि स्टीलनें पुण्याच्या शास्त्र्यांस व जातीजातींच्या प्रमुखांस प्रश्न घालून त्यांचीं उत्तरें एकत्र केलीं. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनांतही हाच क्रम दिसतो. सरकारी कायदा नसेल तेथें देशरूढि, रूढि नसेल तेथें प्रतिवादीचा धर्मनियम, आणि तोही नसेल तेथें न्यायबुद्धि. म्हणजे रूढीचें स्थान पोथीच्या वर. स्टीलचा ग्रंथ वाचतांना आजही नवल वाटतें तें याचें कीं, ज्याला आपण हिंदु धर्माचा विवाहनियम म्हणून ऐकत आलों तो समाजाच्या फार थोड्या भागाचा नियम होता. पाट लावणें, काडीमोड घेणें, सोडचिठ्ठी देणें हे व्यवहार जातीजातींत राजरोस चालू होते. विधवेनें पुन्हां संसार मांडावा यांत त्या जातींना धर्मबाह्य असें कांहीं वाटत नव्हतें.

स्टीलचे दोषही सांगितले पाहिजेत. त्यानें ज्यांना विचारलें ते सर्व पुरुष होते, आणि बहुतेक जातींतले वजनदार पुरुष होते. पंचाला आपल्या जातीची रीत विचारली म्हणजे तो चालू रीत सांगण्याऐवजीं पुष्कळदां आपल्या सोयीची रीत सांगतो. ज्या स्त्रियांची काडीमोड होत असे त्यांची साक्ष या ग्रंथांत नाहीं. शिवाय वाहता आचार एकदां छापला कीं तोही गोठतो. मनुस्मृतीचें जें झालें तेंच कांहीं अंशीं चालीरीतींचेंही झालें. परंतु समाजाकडे पाहून नियम लिहावा, नियमाकडे पाहून समाज कल्पूं नये, ही त्याची दृष्टि खरी होती, आणि ती पुढें टिकली नाहीं हें आपलें दुर्दैव.

न टिकल्याचे परिणाम दोन प्रसंगीं स्पष्ट दिसले. १८५६ च्या कायद्यानें विधवेस विवाहाची मोकळीक दिली, पण पुनर्विवाह करणारीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क काढून घेतला. ज्या जातींत पाटाची रूढि या कायद्याच्या फार पूर्वींपासून होती, त्यांतील विधवांनाही हीच गत लागू आहे, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानें १८९६ मध्यें दिला; अलाहाबादच्या न्यायालयाचें मत याच्या उलट होतें. वरिष्ठ वर्णांतील विधवेसाठीं केलेली सुधारणा कष्टकरी जातींतील विधवेला अशी महाग पडली. दुसरा प्रसंग रखमाबाईंच्या खटल्याचा. १८८४ मध्यें पतीनें दावा लाविला, न्या. पिन्ही यांनीं १८८५ मध्यें तो काढून टाकिला. अपिलांत तो निकाल फिरला, आणि १८८७ मध्यें पतीकडे जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम झाला. पुढें १८८८ मध्यें तडजोड होऊन प्रकरण मिटलें. या खटल्यांत धर्माभिमानी पक्ष पतीच्या बाजूस उभा राहिला. पण पत्नीला कोर्टाच्या हुकमानें नांदावयास लावण्याचा हा दावा मुळांत इंग्लंडांतील ख्रिस्ती धर्मन्यायालयांचा. आपल्या धर्मशास्त्रांत त्याचें मूळ सांपडत नाहीं. परकीय धर्माचा नियम कायद्याच्या दारानें आंत आला आणि आपण तो स्वधर्म म्हणून छातीशीं धरिला! धर्म म्हणजे काय हें ठरलेलेंच आहे असें मानणाऱ्यांनीं या गोष्टीचा शांतपणें विचार करावा.

आतां करवीरकडे वळूं. १८९९ च्या कार्तिकांत पंचगंगेच्या घाटावर काय झालें तें येथील मुलांनाही माहीत आहे. स्नानाच्या वेळीं छत्रपतींसाठीं वेदोक्तांऐवजीं पुराणोक्त मंत्र म्हटले जात आहेत, ही गोष्ट बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनीं लक्षांत आणून दिली. त्यांतून जो वाद पेटला त्यानें महाराष्ट्राचें सार्वजनिक जीवन दुभंगलें. १९०१ मध्यें टिळकांनीं ‘केसरी’त या मागणीस खूळ म्हटलें, १९०२ मध्यें राजोपाध्यांचीं वतनें जप्त झालीं, आणि वरिष्ठ सरकारकडे केलेलीं अपिलें फेटाळलीं गेलीं. या वादाकडे टीकाकाराच्या नजरेनें पाहतां एक गोष्ट मान्य करावी लागते. वेदोक्ताची मागणी प्रथमतः शिडी मोडण्याची नव्हती; शिडीवरील आपली पायरी मिळविण्याची होती. मी क्षत्रिय आहें म्हणून मला वेदमंत्र हवेत, या म्हणण्यांत ज्याला वेदमंत्र नाहींत अशा कोणाचें तरी अस्तित्व गृहीत आहे.

परंतु शाहूंचें मोठेपण येथें आहे कीं, ते त्या पायरीवर थांबले नाहींत. २६ जुलै १९०२ रोजीं, ते विलायतेंत असतांना, करवीर संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांस देण्याचा हुकूम निघाला. स्वतःच्या अपमानाचें उत्तर त्यांनीं इतरांच्या पोटापाण्याच्या प्रश्नांत शोधिलें. १९१७ मध्यें प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें झालें. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरला. त्याच वर्षीं विधवाविवाहाच्या नोंदणीचा कायदा आला. पाठोपाठ आंतरजातीय विवाहास मान्यता देणारा कायदा, काडीमोडीचा कायदा, आणि १९१९ मध्यें स्त्रियांना क्रूरपणें वागविण्यास बंदी करणारा कायदा आला. १९२० मध्यें अनौरस संतति व जोगतिणी यांच्या वारसाहक्काविषयींचा कायदा झाला. घरांतील छळ हा सरकारच्या विचाराचा विषय आहे, हें अखिल भारताच्या दंडविधानांत स्वतंत्रपणें येण्यास १९८३ साल उजाडावें लागलें.

हे कायदे लिखाण म्हणून वाचण्यासारखे आहेत. त्यांत शास्त्रार्थ नाहीं. याज्ञवल्क्य काय म्हणतो, पराशर काय म्हणतो, याची चर्चा करून अनुकूल वचन काढण्याची सुधारकांची नेहमींची रीत त्यांनीं टाकून दिली. लग्न झालें तर नोंद करावी, काडीमोड झाली तर नोंद करावी, जाच केला तर शिक्षा होईल, असा त्यांचा रोख. स्टीलनें ज्या चालींची नोंद घेतली होती त्यांनाच येथें कायद्याचा आधार मिळाला, आणि जी गोष्ट जातपंचायतीच्या मर्जीवर होती ती सरकारी दप्तरांत आली. लोकाचाराला विसरून हा कायदा झाला नाहीं, म्हणून तो लोकांना परका वाटला नाहीं. विशेषतः जोगतिणींच्या कायद्याकडे पाहावें. देवाला मुली सोडण्याची चाल बंद करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९३४ मध्यें, कर्नाटकानें १९८२ मध्यें, आणि पुढें महाराष्ट्रानेंही कायदे केले. एका चालीसाठीं इतके कायदे लागले याचा अर्थ नुसत्या बंदीनें भागलें नाहीं असाच होतो. करवीरच्या कायद्यानें वारसा आणि मालमत्ता या मुद्द्याला हात घातला. ज्या मुलीला घरांत वाटा नाहीं तीच देवाच्या दारांत जाते, हें त्या कायद्याला कळलें होतें.

तथापि स्तुतीच्या भरांत उणीव झांकूं नये. हे कायदे एका पुरुषाच्या इच्छेनें झाले. त्यांच्यामागें निवडून आलेली सभा नव्हती, विरोधी पक्षाशीं वादविवाद झालेला नव्हता. ६ मे १९२२ रोजीं शाहूंचें देहावसान झालें तेव्हां त्या कायद्यांचा पाठीराखाही गेला. १ मार्च १९४९ रोजीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. दुसरी उणीव विचारांची आहे. १९२० मध्यें शाहूंनीं क्षात्रजगद्गुरूचें पीठ स्थापिलें. ब्राह्मणेतरांना धर्माच्या बाबतींत दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये हा हेतु उघड आहे. पण ज्या राजानें नोंदणीच्या कायद्यांत जगद्गुरूची गरजच ठेविली नव्हती, त्यानेंच दुसरा जगद्गुरु बसविला, ही विसंगति लपत नाहीं. मला ती लबाडी वाटत नाहीं. समाजाला कायद्यानें सर्व कांहीं देतां येत नाहीं. मुंजीला, लग्नाला, तेराव्याला त्याला मंत्र म्हणणारा माणूस लागतो, हें शाहूंनीं ओळखलें होतें. परंतु पुरोहित बदलला म्हणजे पौरोहित्याची सत्ता बदलते असें नाहीं, एवढें मात्र म्हटलें पाहिजे.

काण्यांच्या ग्रंथाविषयीं लिहितांना लेखणी जरा अडखळते. एका माणसानें आयुष्यांत इतकें वाचावें, आणि वाचलेल्याशीं इतक्या प्रामाणिकपणें वागावें, असें उदाहरण आपल्या वाङ्मयांत दुसरें क्वचितच सांपडेल. १९६३ मध्यें त्यांना भारतरत्न मिळालें तें त्या पदवीलाच शोभा देणारें होतें. त्यांची रीत अशी कीं अनुकूल व प्रतिकूल सर्व वचनें समोर मांडावयाचीं, त्यांचा काळ ठरवावयाचा, आणि मग निर्णय थोडक्यांत सांगावयाचा. १९४१ च्या दुसऱ्या खंडांत त्यांनीं विधवाधर्माचें विवेचन केलें आहे. विधवेच्या केशवपनाला वेदांत आधार नाहीं, मनु-याज्ञवल्क्यांत नाहीं. तो उत्तरकालीन पुराणवचनांवर उभा आहे, असें त्यांतून निष्पन्न होतें. १९४६ च्या तिसऱ्या खंडांतील कलिवर्ज्यांचें प्रकरण तर याहून मार्मिक आहे. नियोगासारख्या ज्या गोष्टी जुन्या शास्त्राला मान्य होत्या त्या कलियुगांत वर्ज्य, अशी यादीच मध्ययुगीन पंडितांनीं केली. लोकांना जें नकोसें झालें तें शास्त्रसंमत असलें तरी आचरूं नये, हें तत्त्व स्मृतींनींच मान्य केलेलें आहे. म्हणजे शास्त्रानें स्वतःचीं कलमें स्वतःच रद्द केलीं, आणि तीं केलीं समाजाचें मन पाहून. सनातन या शब्दाचा अर्थ न बदलणारें असा घेणाऱ्यांना याहून निर्णायक उत्तर कोणीं दिलेलें नाहीं, आणि तें उत्तर एका शास्त्र्यानेंच द्यावें हें विशेष.

मग दोष कोणता? दोन सांगतों. काण्यांचा समाज हा ग्रंथांतला समाज आहे. ज्या जातींनीं ग्रंथ लिहिले नाहींत त्यांचा धर्म त्यांत अंधुक दिसतो. स्टीलच्या पाट-काडीमोडीच्या जगाला त्यांत मिळावी तेवढी जागा मिळालेली नाहीं. दुसरा दोष याहून मोठा वाटतो, आणि त्याची जबाबदारी एकट्या काण्यांवर नाहीं. हा ग्रंथ इंग्रजींत आहे. पुढें मराठींत त्याचा सारांश झाला, पण मूळ निर्णय ज्या वर्षीं छापला गेला त्या वर्षीं आमच्या घरांतली ती आलवणांतली बाई चाळिशीच्या आंतबाहेर होती. तिच्या केशवपनाला प्राचीन शास्त्राचा आधार नाहीं, ही बातमी जगांतील विद्वानांस कळली. तिला कळली नाहीं. तिच्या भिक्षुकासही कळली नाहीं. आणि आम्हां इंग्रजी शिकलेल्यांस कळली असती, तर ती माजघरांत जाऊन सांगण्याचें धैर्य आमच्यांत होतें काय, हें मी खात्रीनें म्हणूं शकत नाहीं.

हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाहीं. नेपाळांत जंगबहादुरानें १८५४ मध्यें जो कायदा केला त्यांत जातीगणिक शिक्षा निराळी ठेविली. तेथें लोकाचार, शास्त्र आणि राजाज्ञा तिन्ही एक झालीं, आणि ती मिठी सोडविण्यास १९६३ साल यावें लागलें. जपाननें १८९८ मध्यें कुटुंबप्रमुखाची सत्ता प्राचीन परंपरा म्हणून कायद्यांत घातली. ती बव्हंशीं सामुराई घराण्यांची रीत होती, पण कायद्यानें ती शेतकऱ्याच्या घरींही नेली. १९४७ मध्यें ती रद्द झाली. आपल्याकडे वरिष्ठ वर्णांचा नियम सर्वांचा धर्म ठरला, त्याचीच ही दुसरी आवृत्ति. तुर्कस्ताननें १९२६ मध्यें स्वित्झर्लंडची दिवाणी संहिता उचलून आणिली. पण खेड्यांतून धार्मिक विवाह चालूच राहिले आणि त्यांची संतति औरस ठरविण्यासाठीं सरकारला पुनःपुन्हां कायदे करावे लागले. नेपाळांत कायदा समाजाच्या फार जवळ गेला, तुर्कस्तानांत फार दूर गेला. आशियांतील देशांचा खरा प्रश्न या दोहोंमधील अंतर मापण्याचा आहे.

आपल्या न्यायालयांनींही तें अंतर मापण्याचें काम पुरें केलेलें नाहीं. द्विभार्याप्रतिबंधाचा मुंबई इलाख्याचा १९४६ चा कायदा १९५१ मध्यें न्या. छागला व न्या. गजेंद्रगडकर यांनीं वैध ठरविला, हें योग्यच झालें. पण त्याच निकालांत, धर्मपरत्वें चालणारा व्यक्तिगत कायदा मूलभूत हक्कांच्या कसोटीस लावतां येणार नाहीं, असेंही म्हटलें गेलें. परिणाम असा कीं हा कायदा न धड धर्म, न धड कायदा, अशा अवस्थेंत राहिला. धर्माधिकाऱ्याला तो बदलतां येत नाहीं आणि न्यायाधीश त्याला हात लावीत नाहीं. १९५५-५६ च्या हिंदु कायद्यांनीं विधिमंडळाचा मार्ग दाखविला, पण त्यासाठीं किती वर्षें वाद चालला हें सर्वश्रुत आहे.

अखेरीस पुन्हां कोल्हापुराकडेच येतों. मे २०२२ मध्यें शिरोळ तालुक्यांतील हेरवाड गांवच्या ग्रामपंचायतीनें ठराव केला कीं, पति वारल्यावर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या चाली गांवांत बंद कराव्या. त्याच महिन्यांत राज्य सरकारनें परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनींही तसें करावें असें सुचविलें. या ठरावाला दंडाचें बळ नाहीं, शास्त्रवचनाचाही आधार त्यानें मागितलेला नाहीं. विधवाविवाहाच्या कायद्यानंतर १६६ वर्षांनीं आणि करवीरच्या कायद्यानंतर १०५ वर्षांनीं एका गांवानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें कीं ही आमची रीत नाहीं. स्टीलनें विचारलेल्या प्रश्नाचें हें नवें उत्तर आहे, आणि या वेळीं तें देणारी जातपंचायत नसून निवडून आलेली सभा आहे.

यावरून कायदा निरुपयोगी, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. दरमहा रुपयाच्या दंडाच्या धाकानें का होईना, ज्या मुली शाळेंत गेल्या त्यांच्या नातींच्या वाचनांतून आणि बोलण्यांतूनच असले ठराव जन्मास येतात. शास्त्राचा अभ्यासही निरुपयोगी नाहीं. नाहीं तर उद्यां कोणीही उठून नवी रूढि जुन्या धर्माच्या नांवावर खपवील. माझें म्हणणें एवढेंच कीं, या तिहींपैकीं कोणतेंही एक दुसऱ्याचें काम करूं शकत नाहीं. काण्यांनीं सिद्ध केलें, शाहूंनीं आज्ञा केली, आणि हेरवाडनें तें आपलें म्हटलें.

माझ्या आजीच्या बहिणीवर सत्ता चालली ती शास्त्राची नव्हे, कायद्याचीही नव्हे. ती आमच्या घराची होती, आणि घरानें शास्त्राचें नांव पुढें केलें होतें. तें नांव खरें कीं खोटें हें पाहण्याचें साधन आज प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाच्या हाताशीं आहे. तेव्हां न वाचण्याचें निमित्त आतां आपणांस उरलेलें नाहीं.